खाशाबांचा टाइप कोणता?

तुमच्या इन्स्टाच्या बायोमध्ये ती चार अक्षरं आहेत का? आयएनएफपी, ईएसटीजे, असलं काहीतरी? सोळा टाइपची ती पर्सनॅलिटी टेस्ट कॉलेजात जवळपास सगळ्यांनी एकदा तरी दिलेली असते. कँटीनमध्ये वडापाव येईपर्यंत प्रश्न संपतात, निकालाचा स्क्रीनशॉट स्टोरीला जातो आणि मग धोनी कोणत्या टाइपचा, स्पेनचा तो कमी बोलणारा इनिएस्ता कोणत्या टाइपचा, यावर ग्रुपवर दोन दिवस भांडणं चालतात.

आज ही टेस्ट आपण एका पैलवानाला देऊ. खाशाबा दादासाहेब जाधव. १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्ती, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. एवढं तुम्हाला माहीत असेलच, तुमच्यातल्या एमपीएससीवाल्यांना तर वजनगटासकट पाठ असेल. पण हा माणूस स्वभावाने कसा होता, असं विचारलं की आपण गप्प होतो. खाशाबा १९८४ मध्येच गेले, त्यामुळे त्यांच्या हातात मोबाइल देऊन प्रश्न सोडवून घेता येणार नाहीत. ते कसे वागले त्यावरूनच आपल्याला उत्तरं भरावी लागणार. खरं तर तीच पद्धत जास्त बरी. स्वतःबद्दल उत्तरं देताना आपण सगळेच थोडं थोडं फेकतो.

पहिलं अक्षर आय की ई? म्हणजे अंतर्मुख की बहिर्मुख? हे सोपं वाटतं. साताऱ्याच्या कराड तालुक्यात गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पोरगा पाचव्या वर्षीच लाल मातीत उतरला. शाळा कराडचं टिळक हायस्कूल. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगाने सुटसुटीत. पैलवान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो, बैठकीत बसला की दोघांची जागा व्यापणारा, तसे खाशाबा अजिबात नव्हते. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडलं ते त्यामुळेच. त्यांची आवडती पकड ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान हाताच्या वेढ्यात आवळायची आणि त्याला उचलून खाली घ्यायचं. समोरचा कितीही दांडगा असला तरी ढाक नीट बसली की त्याच्या वजनाचा त्याला काही उपयोग होत नाही.

तर शांत माणूस, बारीक चण, कामाशी काम. लिहून टाका आय. पण थांबा.

कराडहून खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची राजधानी. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलेलं, पेठेपेठेत तालीम. अशा गावात कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा गेले, तर क्रीडा शिक्षकांनी त्यांची शरीरयष्टी बघून नावच घ्यायला नकार दिला. हे पोरगं कुठे लढणार, असा हिशोब असावा. आता तुम्ही काय केलं असतं सांगा. आपल्यातले निम्मे मुकाट्याने परत फिरले असते आणि उरलेल्या निम्म्यांनी रात्री लांबलचक पोस्ट टाकली असती. खाशाबा सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. तक्रार करायला नव्हे, त्यांची मागणी एवढीच होती की मला लढू द्या. परवानगी मिळाली. मग त्यांनी एकामागून एक आपल्याहून थोराड मल्ल खाली घातले.

हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण याच माणसाने याच प्रकारची मागणी पुढे आणखी एकदा केली. आणि जेव्हा ती करता आली नाही तेव्हा काय झालं, तेही आपण बघणार आहोत.

त्याआधी लंडन. १९४८ च्या ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तोवर त्यांची सगळी कुस्ती मातीतली. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवरची, म्हणजे मॅटवरची. आपल्याकडे आजही माती विभाग आणि गादी विभाग वेगळे खेळवतात ते काही उगाच नाही. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत पाठ टेकवली की निकाल लागतो, गादीवर गुणांचं गणित चालतं. हे सगळं खाशाबांना ऐन लंडनमध्ये शिकून घ्यावं लागलं. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला तर त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच संपवलं. सहावा नंबर म्हणजे आपल्याकडे सत्कार घेत फिरायला पुरेसा. खाशाबांनी पुढची चार वर्षं वजनगट वाढवून, बँटमवेटमध्ये, ५७ किलोंत, जास्त घाम गाळला.

आणि मग १९५२ च्या निवडीत तोच प्रकार पुन्हा झाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या एका गुणावर ऑलिम्पिकची वाट बंद होत होती.

इथे जरा नगरला येऊ. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या वाडिया पार्कवर सदुसष्टावी महाराष्ट्र केसरी झाली ती आठवते ना? तुमच्यातले बरेच जण तिथे होते, बाकीच्यांनी रील बघितली. गादी विभागातल्या एका लढतीचा निकाल वादात सापडला, चितपट झालेलो नाही असं हरलेल्या मल्लाचं म्हणणं होतं आणि रागाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. त्या स्पर्धेनंतर दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर होता की चूक यावर नगरच्या कट्ट्यांवर अजूनही दोन तट आहेत आणि त्यात मला पडायचं नाही. पण वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला एका शिट्टीवर सगळं गेल्यासारखं वाटलं तर त्याचं काय होतं, हे आपण डोळ्यांनी बघितलं. खाशाबांच्या बाबतीत तर एक गुण आणि चार वर्षं पणाला लागली होती.

खाशाबा पतियाळाच्या महाराजांकडे गेले. महाराज कुस्तीचे शौकीन, क्रीडा वर्तुळात त्यांचा शब्द चालायचा. इथेही मागणी बघा. त्या पंचाला काढा, असं नाही. मला सरळ संघात घ्या, असंही नाही. मला पुन्हा लढायची संधी द्या, निकाल गादीवर लागू दे. महाराजांना ते पटलं, चाचणीत त्यांना उतरवलं गेलं आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून हेलसिंकीचं तिकीट मिळवलं.

आता सांगा, हा माणूस आय की ई? टेस्टमधला एक ठरलेला प्रश्न असतो, अनोळखी मोठ्या माणसाशी बोलायला तुम्ही कचरता का. खाशाबांचं उत्तर मला असं दिसतं: एरवी कदाचित हो, पण कुस्तीसाठी अजिबात नाही. या उत्तराला टेस्टमध्ये गोलच नाही. जाता जाता एक सांगते, ही टेस्ट कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी कार्ल युंगच्या कल्पनांवरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार केली आणि दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तेव्हा टाइप जुळला नाही म्हणून ब्रेकअप वगैरे करू नका.

तिकीट मिळालं म्हणजे ते नुसतं कागदावर. प्रत्यक्षात फिनलंडला जायला पैसे लागणार होते आणि ते कुणाकडेच नव्हते. सरकारकडे मागितले, तिथून वेळेवर हात मिळाला नाही. गोळेश्वरच्या लोकांनी, आसपासच्या गावांनी, दुकानदारांनी जमेल तसे पैसे गोळा केले. तेही पुरेनात. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. स्वतःच्या कॉलेजच्या प्राचार्यांचा चेहरा आठवा. आता कल्पना करा की तुमच्या स्पर्धेसाठी ते घराची कागदपत्रं घेऊन सावकाराकडे निघालेत. १९५२ चे सात हजार म्हणजे मास्तरकीच्या पगारात कित्येक वर्षांचे. आणि कशाच्या भरवशावर? मागच्या वेळी सहाव्या आलेल्या पोराच्या. हेलसिंकीला निघताना खाशाबांच्या खांद्यावर हे घर होतं.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. हा इशी मूळचा ज्युदोवाला, आणि त्या ऑलिम्पिकमध्ये जपानला एकच सुवर्ण मिळालं ते त्याने जिंकलेलं. त्याच्याबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटांहून जास्त रेटली गेली आणि खाशाबा गुणांवर हरले. पंधरा मिनिटं म्हणजे किती, याचा अंदाज यायला मित्राशी नुसती दोन मिनिटं झटापट करून बघा. श्वास घ्यायला जागा शोधाल.

अंगातलं सगळं बळ संपलेलं आणि तेवढ्यात पुकारा झाला, लगेच पुढची लढत सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी. नियम सांगत होता की दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे. पण हा नियम पंचांसमोर ठेवायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. एकही नाही.

कॉलेजात प्राचार्यांची केबिन होती. मद्रासनंतर पतियाळाचा दरबार होता. हेलसिंकीत जायला दारच नव्हतं. खाशाबा तसेच गादीवर गेले आणि हरले. मम्मदबेयोवला रौप्य मिळालं, खाशाबांना ब्राँझ. ती अर्धा तासाची विश्रांती मिळाली असती तर काय झालं असतं, यावर आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तालमीत विषय काढा, संध्याकाळ निघून जाईल. मला मात्र त्यापेक्षा एक गोष्ट जास्त विचार करायला लावते. मी खेळत नाही, मला विश्रांती द्या, असं म्हणून ते खाली बसून राहू शकले असते. पण आयुष्यभर ज्याने फक्त लढू द्या एवढंच मागितलं, त्याला लढायला बोलावल्यावर नाही म्हणणं जमलं नसावं. हा माझा अंदाज, तुमचा वेगळा असू शकतो.

कोल्हापूरचेच केशव मंगावे त्यांच्याबरोबर हेलसिंकीला होते, त्यांचंही पदक थोडक्यात हुकलं. म्हणजे एका गावातली दोन पदकं येता येता एक आलं. हे लोक सहसा सांगत नाहीत, म्हणून सांगितलं.

परतल्यावरचं स्वागत मात्र सिनेमातल्यासारखं. त्या वर्षी हॉकीचं सुवर्णही आलेलं असल्यामुळे देशभर गाजावाजा हॉकीचा, पण कराडला त्याचं काय? शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल-लेझीम, फुलं, गुलाल. एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असं सांगतात.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली. आपल्याकडे यात्रेच्या शेवटच्या दिवशी हगामा असतो ना, हलगी कडाडते, आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात आणि मग इनामाच्या, तसलीच मैदानं. त्यात ऑलिम्पिक पदक जिंकलेला हा माणूस स्वतः उतरून लढला. जमलेल्या पैशातून त्यांनी प्राचार्य खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. टेस्टमधलं तिसरं अक्षर असतं टी की एफ, डोक्याने चालणारा की मनाने चालणारा. घर सोडवणं मनाचं काम की हिशोबाचं, तुम्हीच ठरवा. दुसरं आणि चौथं अक्षर आपण सोडून देऊ. इथवर आल्यावर त्यात मला फार अर्थ वाटत नाही.

१९५५ मध्ये खाशाबा पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, इतरांना शिकवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी तयारी होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते स्वप्न संपलं. नोकरी मात्र २७ वर्षं चालली. सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलेला हा माणूस निवृत्तीच्या तोंडावर, शेवटच्या काही महिन्यांत, असिस्टंट कमिशनर झाला. आणि निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं.

मला वाटतं त्यांचा स्वभाव नेमका इथे अडला. गादीवर एक सोय असते. अन्याय झाला तर म्हणता येतं, पुन्हा लावा कुस्ती. कोण खरा ते पाच मिनिटांत कळतं. सरकारी फाइलशी कुस्ती कशी लावायची? ती या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तिला ढाक बसत नाही. मागे लागणं, ओळखी काढणं, आपण कोण आहोत हे ज्याला त्याला सांगत फिरणं हे ज्यांना जमतं त्यांची कामं होतात. खाशाबांना तसं फिरायला जमलं असेल, असं त्यांच्या आधीच्या वागण्यावरून तरी वाटत नाही. शेवटची वर्षं ओढाताणीत गेली. क्रीडा संघटनांना त्यांची आठवण फारशी आली नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सामील करून घेतलं, तेवढंच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८.

नंतर काय काय झालं त्याची यादी लांब आहे आणि ती वाचताना थोडी चिडचिड होते. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, तोही २००० सालचा. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्ती स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचं नाव. १५ जानेवारी २०२३ ला गुगलचं डूडल, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आधी नाव वाचलं आणि मग सर्च केलं. आता तोच दिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. नागराज मंजुळे यांनी खाशाबांवरचा सिनेमा हाती घेतला आहे. मंजुळे आपल्या नगरच्या न्यू आर्ट्समध्ये कम्युनिकेशन स्टडीज शिकले आणि ‘पिस्तुल्या’ त्यांनी तिथेच विद्यार्थी असताना केली, हे मास कॉमवाल्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांनी नोंद घ्यावी.

पद्म पुरस्कार मात्र अजून नाही. खाशाबांनंतर भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. कुस्तीतलं दुसरं २००८ मध्ये, सुशील कुमारचं. महाराष्ट्राच्या खेळाडूचं दुसरं तर थेट २०२४ मध्ये, पॅरिसला, कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं. म्हणजे ७२ वर्षांनी. पेसला पद्म मिळालं, सुशीलला मिळालं. ज्याने वाट पाडली त्याच्यासाठी कुटुंबीय अजून पाठपुरावा करताहेत.

पुणे-बेंगळुरू हायवेने कोल्हापूरला जाताना कराड लागतं. पुढच्या वेळी बस तिथे चहाला थांबली तर गोळेश्वर कुठे, असं कुणालाही विचारा. गाव अगदी लागून आहे. तिथे खाशाबांच्या घराचं नाव आहे ‘ऑलिम्पिक निवास’.